रानातील चिखलवाट : एक अभ्यासपाठ



पावसाळा लागला म्हणजे शाळेच्या पायरीवर तरट अंथरले जाते आणि चिखलाचे पाय घेऊन कोणी वर्गात येऊ नये अशी ताकीद मिळते. ताकीद योग्यच आहे. परंतु तिच्यामुळे चिखल म्हणजे केवळ घाण, असा एक समज आपल्या मनात घर करून बसतो. वास्तविक आपल्या परिसरातील बहुतेक घरांची चूल ज्या मातीच्या जोरावर पेटते, तीच माती ओली झाली म्हणजे तिला आपण चिखल म्हणतो. कापूस, ज्वारी, तूर आणि अंकुशनगरच्या कारखान्यात गाळला जाणारा ऊस ही सारी तिचीच लेकरे. तेव्हा जिच्यावर आपला निर्वाह चालतो, तिची नीट ओळख करून घेणे हे शिक्षणाचेच एक अंग होय. ही ओळख कशी करून घ्यावी, याचा एक सोपा व आनंददायक मार्ग आम्ही या लेखात सुचवणार आहोत. तो मार्ग म्हणजे रानातील एखाद्या आखूड, चिखलाने भरलेल्या पाऊलवाटेने डोळे उघडे ठेवून चालणे.

१. वाट कोठे शोधावी

जालना जिल्ह्यात जंगल फारच थोडे आहे. शेताच्या बांधावरील बाभळी व लिंब यांनाच आपण झाडी म्हणतो. मोठे रान पाहावयाचे तर जिल्ह्याबाहेर जावे लागते. पण फार दूर जावे लागत नाही. आपल्या परिसरातून जाणारा धुळे-सोलापूर महामार्ग छत्रपती संभाजीनगर, वेरूळ व कन्नड या गावांवरून पुढे घाट उतरून चाळीसगावास जातो. त्या घाटास जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावावरून औट्रम घाट म्हणतात. या घाटाच्या आसपास सातमाळा व अजिंठा या डोंगररांगांवर जे रान पसरले आहे, तेच गौताळा-औट्रमघाट अभयारण्य. इ. स. १९८६ मध्ये त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर असून ते छत्रपती संभाजीनगर व जळगाव या दोन जिल्ह्यांत विभागलेले आहे. गौतम ऋषींनी येथे तप केले, त्यावरून गौताळा हे नाव पडले, अशी लोकांची श्रद्धा आहे.

या रानातील झाडे पानझडी जातीची. साग, सालई, धावडा, खैर, अंजन, पळस यांची येथे वस्ती आहे. उन्हाळ्यात तेच रान इतके उघडेबोडके दिसते की, येथे कधी काळी हिरवे काही असेल यावर विश्वास बसू नये. आणि मृगाच्या सरी कोसळल्या की पंधरवड्यात त्याची ओळख पटत नाही. सागाचे कोवळे पान हातावर चोळून पाहा. तळहात लाल होतो. वाटेवर मखमली अंगाचा तांबडा मृगाचा किडा दिसतो, पैसा नावाचा बहुपाद किडा हात लावताच वेटोळे करून पडतो आणि गांडुळांनी वर आणून टाकलेल्या मातीच्या बारीक गोळ्या जागोजाग आढळतात.

येथील वाटा फार जुन्या आहेत. अभयारण्याच्या परिसरातील पितळखोरा येथील बौद्ध लेणी इ. स. पूर्व दुसऱ्या शतकापासून कोरली गेली. तेथील स्तंभांवरील लेखांत प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या शेजारच्या पैठणच्या, दात्यांचा उल्लेख असून त्यांत गंधिक कुळातील मितदेव नावाचा एक दाता आहे. दोन हजार वर्षांपूर्वी गोदाकाठची माणसे या डोंगरांशी असा संबंध राखून होती. डोंगराच्या उत्तर पायथ्याशी पाटण नावाचे प्राचीन स्थळ आहे. तेथील चंडिकेच्या मंदिरामुळे त्यास पाटणादेवी म्हणतात. ‘लीलावती’ या गणितग्रंथाचे कर्ते भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून पाटण येथे मठ स्थापिला होता. इ. स. १२०७ च्या शिलालेखात ही हकीकत नमूद असून डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख विद्वानांच्या नजरेस आणला. हा चांगदेव यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. ज्ञानेश्वरांच्या चरित्रात भेटणारे योगी चांगदेव ते वेगळे. सारांश, पाटणादेवीच्या पुढे ओढ्याकाठाने रानात शिरणाऱ्या पाऊलवाटेवर पाय ठेवणारा विद्यार्थी गणिताच्या एका जुन्या पाठशाळेच्या अंगणातूनच चालत असतो.

२. चिखल कशाने होतो

आता पायाखालच्या वस्तूकडे वळू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर भेगांतून तप्त शिलारस वाहिला, थरांवर थर बसले आणि निवून त्यांचा काळा कातळ झाला. त्यास बेसाल्ट म्हणतात. ऊन, पाऊस व झाडांची मुळे यांनी हा कातळ झिजून प्रथम त्याचा मुरूम होतो व मुरमाची पुढे माती होते. बोटभर जाडीची माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात, हे येथेच लक्षात ठेवावे. या गोष्टीशी आपणांस पुढे काम आहे.

मातीत तीन प्रकारचे कण असतात. वाळूचा कण २ मिलिमीटरपर्यंत मोठा असतो. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरहूनही लहान असतो. या दोहोंच्या मधले ते गाळवट कण. वाळूच्या कणांमधून पाणी निसटून जाते. म्हणून वाळूचा चिखल होत नाही. चिकणमाती मात्र पाणी धरून ठेवते. आपल्याकडील काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज विपुल असते. फ्रान्समधील मॉन्टमोरियों या गावावरून हे नाव पडले. त्याची रचना पत्त्यांच्या जोडासारखी पापुद्र्यांची असते. पाणी मिळाले की ते पापुद्र्यांच्या मधे शिरते, पापुद्रे एकमेकांपासून दूर सरतात व माती फुगते. पाणी आटले की ते पुन्हा जवळ येतात व माती आकसते. उन्हाळ्यात आपल्या शेतांना ज्या भेगा पडतात, त्यांचे कारण हेच. एकाच खनिजाच्या अंगी चैत्रात भेग व आषाढात चिखल अशी दोन रूपे असतात.

रानवाटेवर हा सारा धडा अनुक्रमाने वाचावयास मिळतो. माथ्यावर माती थोडी व कातळ उघडा. तेथे पाय कोरडा राहतो. उतारावर तांबूस मुरूम लागतो. तो पायाखाली कुरकुरतो, पण चिकटत नाही. जेथे पाचोळ्याचा थर आहे तेथे जमीन मऊ व दबणारी असते. शेवटी ओढ्याकाठच्या खळग्यात पोहोचलो की काळी, चिकट राड लागते; कारण हजारो पावसाळ्यांनी वरची बारीक माती धुवून तेथेच आणून ठेवली आहे. अर्ध्या कोसाच्या आत कातळापासून चिखलापर्यंतचा हा प्रवास आपण पायांनी करतो.

आपल्या शेतकऱ्यांनी या अवस्थांना फार नेमकी नावे दिली आहेत. पाण्याने पातळ झालेला तो रेंदा. पाय रुततो ती राड. आणि ओल आहे पण चिखल नाही, मूठभर माती दाबली तर ढेकूळ बनते व बोटाने टिचकी मारली तर फुटते, अशी अवस्था म्हणजे वाफसा. वाफसा आल्यावाचून जाणता शेतकरी पाभर हाती धरीत नाही. पुनर्वसू नक्षत्राच्या पावसाला ‘तरणा’ व पुष्याच्या पावसाला ‘म्हातारा’ म्हणणारे आपले आजोबा मातीची ही परीक्षा कोणत्याही यंत्राशिवाय करीत आले आहेत. घरी गेल्यावर त्यांना वाफशाविषयी अवश्य विचारा. पुस्तकातून मिळणार नाही असे पुष्कळ ऐकावयास मिळेल.

३. चिखलात पाऊल कसे टाकावे

चिखलातून चालणे ही एक विद्या आहे आणि तिची कारणे पदार्थविज्ञानात आहेत.

पाय चिखलात रुतला व सरळ वर ओढू गेलो तर तो निघत नाही. पुष्कळदा जोडा आतच राहतो. असे का व्हावे? चिकण चिखल फटी राहू देत नाही, त्यामुळे तळव्याखाली हवा शिरू शकत नाही. पाय वर उचलताच खाली पोकळी होऊ लागते, तेथील दाब उतरतो व बाहेरील हवेचा दाब पावलास खाली रेटून धरतो. यावर उपाय साधा आहे. आधी टाच सैल करावी, पाऊल किंचित फिरवावे, म्हणजे कडेने हवा आत जाते व पाय अलगद सुटतो. बैलाचा खूर दुभंगलेला असतो. पाय टेकताच तो फाकतो व उचलताना मिटतो. म्हणून चिखलातून तो सहज निघतो. घोड्याच्या अखंड खुराला ही सोय नाही. चिखलणीला बैल जुंपावा, घोडा जुंपू नये, हे शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागले नाही. पण त्यामागील कारण विद्यार्थ्याने जाणले पाहिजे.

पुढील नियम ध्यानात ठेवावेत. पावले आखूड टाकावीत व सबंध तळवा एकदम टेकावा. गुडघे किंचित वाकलेले असावेत. हाती एक काठी असावी व ज्या ठिकाणी तळ दिसत नाही तेथे ती आधी टेकून खोली पाहावी. ओल्या मुळावर व शेवाळलेल्या काळ्या दगडावर पाय देऊ नये. चिखलात पडणारा हसत उठतो, दगडावर घसरणारा नेहमी उठतोच असे नाही. उतरताना थोडे आडवे होऊन उतरावे. दोघांत चार-पाच पावलांचे अंतर ठेवावे, म्हणजे एकाच्या घसरण्याने दुसरा पडत नाही. जोड्याचा तळ खाचांचा असावा; गुळगुळीत तळाच्या वहाणेपेक्षा तो केव्हाही बरा.

४. चिखलावरील अक्षरे

चिखलाचा एक मोठा गुण असा की, जो कोणी त्यावरून जातो त्याची सही तो घेऊन ठेवतो. रानातील जनावरे आपणांस पाहून आधीच दूर होतात. बिबट्या किंवा अस्वल दिसण्याचा योग क्वचित, व तो न आलेलाच बरा. परंतु त्यांची पावले वाचता आली तर रात्री रानात काय घडले हे सकाळी कळू शकते.

मांजराच्या कुळातील प्राण्यांची नखे चालताना आत ओढलेली असतात. म्हणून बिबट्याच्या ठशात चार बोटे व मागे गादी उमटते, पण नखांच्या खुणा दिसत नाहीत. कुत्रा, कोल्हा, लांडगा यांच्या ठशात नखांचे टोक उमटते. तरसाचे पुढचे पाऊल मागच्यापेक्षा मोठे असते. अस्वलाच्या ठशात पाच बोटे व लांब नखे असतात. त्याचे मागचे पाऊल तर अनवाणी माणसाच्या पावलाची आठवण करून देते. रानडुकराच्या खुरांच्या मागे दोन बारीक उपखुरांच्या खुणा मऊ चिखलात उमटतात. मोराचे तीन बोटे पुढे व एक मागे असे पाऊल ओळखणे तर सर्वांत सोपे.

ठसा केव्हाचा हेही ठरवता येते. समजा, पाऊस पहाटे थांबला. ठशाच्या आत थेंबांचे बारीक खळगे असतील तर प्राणी पाऊस थांबण्यापूर्वी गेला; कडा स्वच्छ असून आत खळगे नसतील तर तो नंतर गेला. ठशात पाणी गढूळ असेल तर तो नुकताच गेला असावा. पाणी निवळले असेल तर त्यास काही वेळ लोटला. एवढ्या लहानशा खळग्यावरून तर्काचा केवढा अभ्यास होतो पाहा!

आपल्या देशात वाघांची मोजणीही पूर्वी याच विद्येने होई. इ. स. १९६६ मध्ये ओरिसातील वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी पावलांच्या ठशांवरून वाघ मोजण्याची रीत घालून दिली. पुढे तिच्यातील उणिवा ध्यानी आल्या. एकाच वाघाचे पाऊल कोरड्या धुळीत एक व ओल्या मातीत दुसरे असे दिसे, आणि वाचणाऱ्याच्या अंदाजावर फार अवलंबून राहावे लागे. म्हणून २००६ च्या गणनेपासून आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे व संख्याशास्त्र यांचा आधार घेण्यात आला. गौताळ्यात २०२१ च्या मार्च महिन्यात अशाच कॅमेऱ्याने एक वाघ टिपला. तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या रानातून तीनशेहून अधिक किलोमीटर चालत आला होता. शेते, रस्ते, ओढे यांतून वाट काढीत आलेल्या या प्रवाशाचे वृत्त वाचले म्हणजे, रानांना जोडणाऱ्या वाटा टिकणे किती अगत्याचे आहे हे मनात ठसते.

५. चिखल चुकवणाऱ्याने वाट मोडते

आता आम्ही या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. पाऊलवाटेवर चिखल लागला की आपण काय करतो? जोडे खराब होऊ नयेत म्हणून कडेच्या गवतावरून जातो. पहिला जातो, त्याच्या मागून दुसरा, मग दहावा. दोन आठवड्यांत त्या कडेचे गवत मरते व तेथेही चिखल होतो. मग तिसरा माणूस आणखी कडेने जातो. असे करता करता हातभर रुंदीची वाट गाडीवाटेएवढी होते. यात कोणीही दुष्ट हेतूने वागलेला नसतो. प्रत्येकाने फक्त आपले पाय राखले. आणि सर्वांनी मिळून रान तुडवले.

याचा परिणाम कळण्यासाठी पाऊस जमिनीवर काय करतो हे पाहिले पाहिजे. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आदळतो तेव्हा तो कणांना उडवून सुटे करतो. रानात हा आघात प्रथम पाने झेलतात, नंतर गवत व शेवटी पाचोळा; म्हणून दाट रानातून वाहणारा ओढा पुष्कळदा निवळ असतो. तुडवलेल्या वाटेवर मात्र पाचोळा उरत नाही, मातीतील बारीक रंध्रे दबून मिटतात व पाणी आत मुरेनासे होते. मुरता येत नाही म्हणून ते वाहते; वाट उतरती असल्यामुळे वेगाने वाहते; आणि वाहताना सुटी माती बरोबर नेते. वाटेचा ओहोळ होतो व ओहोळाची घळ.

किती माती जाते, याचा हिशेब भास्कराचार्यांच्या भूमीत करून पाहणे उचितच होईल. समजा, एक वाट ५०० मीटर लांब व १ मीटर रुंद आहे आणि काही वर्षांत ती ५ सेंटिमीटर खोल झिजली. गेलेली माती किती? ५०० × १ × ०.०५ = २५ घनमीटर. एका घनमीटर मातीचे वजन १.३ टन धरले तर ३२.५ टन माती गेली. दहा टनी मालमोटारी तीन भरून वर काही उरेल एवढी. आता चिखल चुकवणाऱ्यांनी ती वाट ३ मीटर रुंद केली आहे असे धरा. झीज तेवढीच खोल झाली तरी ९७.५ टन माती जाईल, म्हणजे जवळजवळ दहा मालमोटारी. बोटभर थरास शेकडो वर्षे लागतात हे वर सांगितलेच आहे. ती आपण काही पावसाळ्यांत वाहून जाऊ दिली, असा याचा अर्थ.

ही माती जाते कोठे? गौताळ्याचा डोंगर म्हणजे दोन मोठ्या नद्यांमधील पाणलोटाची धार. उत्तरेकडे उतरलेले पाणी पाटणच्या डोंगरी नदीतून गिरणेकडे, तेथून तापीला व शेवटी अरबी समुद्रास मिळते. दक्षिणेकडे उतरलेले पाणी शिवनेसारख्या नद्यांतून गोदावरीस येते व पूर्वेच्या समुद्राकडे जाते. माथ्यावर एकाच सरीचे दोन थेंब हातभर अंतरावर पडले तर त्यांची पुन्हा गाठ पडण्याचा संभव नाही. यातील दक्षिणेचा थेंब आपल्या ओळखीचा आहे. कारण गोदावरीच्या वाटेवर पैठणचा नाथसागर लागतो. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्या धरणाची कोनशिला बसली व २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. त्याची एकूण साठवण २,९०९ दशलक्ष घनमीटर असून त्यापैकी उपयोगात येणारी २,१७१ दशलक्ष घनमीटर धरलेली आहे. त्याच्या डाव्या कालव्याचे पाणी आपल्या अंबड तालुक्यात येते. त्यावर ऊस उभा राहतो व उसावर कारखाना चालतो.

डोंगरावरून व शेतांतून सुटलेली माती नद्यांनी जलाशयात येऊन बसते. जितकी जागा गाळ व्यापील तितकी पाण्यास कमी मिळेल. रानातील एका पाऊलवाटेने धरण भरणार नाही, हे उघड आहे; परंतु शेताची ताल, गाडीवाट, खणलेली टेकडी, तुडवलेली पाऊलवाट असे लहान लहान हजारो स्रोत मिळूनच तो गाळ होतो. कन्नडच्या डोंगरावर जपलेली ओंजळभर माती अंकुशनगरच्या पाटात येणाऱ्या पाण्यास जागा करून देते, असा हा संबंध आहे.

म्हणून नियम असा : वाटेवर चिखल असेल तर त्याच्या मधूनच, एकामागून एक चालावे. वाट आधीच तुडवलेली आहे. तिच्यावरून आणखी दहा पावले गेल्याने जी हानी होते, ती नव्या गवतावरील पहिल्या दहा पावलांनी होणाऱ्या हानीपेक्षा पुष्कळ थोडी. वाट अगदीच रेंदा झाली असेल तर तिच्यावर न जाता परत फिरावे व जमीन वाळल्यावर पुन्हा यावे. ज्यांच्याकडे वाटेची निगा असते ते वाटेला तिरपे दगड किंवा लाकूड पुरून पाणी कडेच्या झाडीत वळवतात व खळग्यात पाय ठेवण्यापुरते सपाट दगड बसवतात. शेताच्या बांधबंदिस्तीचेच हे लहान रूप होय. असे दगड दिसले तर ते हलवू नयेत.

६. सावधगिरी

अभयारण्यात जाण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी व शिक्षक अथवा वडील मंडळींवाचून जाऊ नये. ओढ्याचे पाणी गढूळ होऊन वाढू लागले तर ते ओलांडू नये. वर डोंगरात पाऊस झालेला असतो व लोंढा मागाहून येतो. विजा चमकू लागल्या तर उंच एकट्या झाडाखाली उभे राहू नये. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे आपल्याकडील चार मुख्य विषारी साप. म्हणून पाचोळ्यात हात घालू नये व दगड उलटू नये. सर्पदंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. तो अवयव स्थिर ठेवून रुग्णास धीर द्यावा व विलंब न लावता रुग्णालयात न्यावे. प्रतिविष तेथेच मिळते. घरी आल्यावर पाय स्वच्छ धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात, नाहीतर चिखल्या होतात. खाऊचे कागद व पिशव्या परत आणाव्यात, हे सांगण्याची गरज नसावी. तरीही सांगून ठेवतो.

७. पालकांस दोन शब्द

पालकहो, मूल चिखलात भरून घरी आले की रागावणे साहजिक आहे. कपडे धुवावे लागतात ते आईला, हे आम्ही विसरलो नाही. परंतु आपण स्वतः पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन अनवाणी शाळेस गेला असाल, तर पायांनी जमीन ओळखण्याची जी विद्या आपणांस फुकट मिळाली ती आपल्या मुलांस आता ठरवून द्यावी लागणार आहे. डांबरी रस्त्यावरून गाडीने शाळेत येणाऱ्या मुलास वाफसा म्हणजे काय हे ठाऊक नसेल, तर त्याचा दोष मुलाकडे नाही. वर्षातून एक दिवस त्याचे कपडे मळू द्यावेत. रानात जाणे न जमले तर शेताच्या बांधावर त्यास बरोबर न्यावे, आणि पाऊस पडत असता बांध कोठे फुटतो व माती कोठे वाहते ते त्यास दाखवावे. आपल्या जमिनीचे उद्याचे धनी तेच आहेत.

८. स्वाध्याय

(१) काचेच्या उभट बाटलीत चौथाई माती घालून वर पाणी भरा, चांगले हलवा व ठेवून द्या. वाळू एका मिनिटाच्या आत तळाशी बसेल, गाळवट कण काही तासांत बसतील व चिकणमातीमुळे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ राहील. शेताची माती, ओढ्याकाठची माती व मुरूम यांच्या तीन बाटल्या शेजारी ठेवून थरांची तुलना करा.

(२) ओल्या मातीची चिमूट अंगठा व बोट यांमध्ये दाबून तिची पट्टी काढा. जितकी लांब पट्टी न तुटता निघेल तितकी चिकणमाती अधिक. अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या टेकडीवरील व आपल्या मळ्यातील माती यांत काय फरक आढळतो?

(३) शाळेच्या आवारात जेथे सर्वजण कोपरा तोडून चालतात, अशी एखादी वाट शोधा. तिची लांबी, रुंदी व खोली मोजून किती माती गेली याचा हिशेब करा. तीच मोजणी दिवाळीनंतर पुन्हा करा.

(४) दोन पाट्या तिरक्या ठेवून दोन्हींत सारखीच माती भरा. एकीवर पाचोळा पसरा, दुसरी उघडी ठेवा. दोन्हींवर झारीने सारखेच पाणी घाला व खाली आलेले पाणी दोन भांड्यांत धरा. कोणते अधिक गढूळ आहे व का, ते लिहा.

(५) पावसानंतरच्या सकाळी अंगणातील चिखलावर कोणकोणते ठसे दिसतात त्यांची चित्रे काढा. मांजर व कुत्रा यांच्या ठशांतील भेद शोधा. बिबट्या व लांडगा यांच्या ठशांतील भेद त्यातच दडलेला आहे.

मित्रहो, ही पाच कामे जो विद्यार्थी मनापासून करील त्यास चिखल म्हणजे काय हे पुन्हा सांगावे लागणार नाही. आणि पुढे कधी गौताळ्याच्या वाटेवर राड आडवी आली, तर कडेच्या गवताकडे त्याचे पाऊल आपोआप वळणार नाही, अशी आमची खात्री आहे.